काकांची मेलपेटी

"गेली का?"

हा काकांचा प्रश्न. मेल पाठवायचं बटण दाबलं की बोट उचलायच्या आत विचारणार. मी शेजारच्या टेबलावर बिलं लावत बसलेली असायचे, माझा त्या मेलशी काडीचा संबंध नसायचा, तरी मान वर करून सांगावं लागायचं, "गेली, काका." तेवढ्यानं त्यांचं भागायचं नाही. उठून खिडकीपर्यंत जाणार, परत येणार, पाठवलेल्या मेलच्या कप्प्यात जाऊन स्वतः खात्री करणार, आणि शेवटी दुबईला फोन लावणार. "हॅलो सर, मेल मिला क्या? नहीं नहीं, घाई नहीं है. खोल के देखो. मैं फोन पकडता हूँ." आणि तो बिचारा मेल उघडेपर्यंत हे फोन कानाला लावून ऑफिसभर येरझाऱ्या घालणार.

माझं डोकं उठायचं. मी एकदा सरळ विचारलं, "अहो काका, फोनच करायचा होता तर मेल लिहिली कशाला?"

"मेल पुराव्याला," ते म्हणाले, "आणि फोन माझ्या जिवाला."

मी परत बिलांत डोकं घातलं.

कर्जतच्या बाहेर, राशीनच्या रस्त्याला आमचं डाळिंबाचं पॅकहाऊस आहे. बागांतून माल येतो, बायका तो निवडून खोक्यांत भरतात आणि तो बाहेरदेशी जातो. मालक म्हणजे दादा. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, वयानं काकांच्या मुलासारखा, पण काकासुद्धा त्यांना दादाच म्हणायचे. मी हिशेबाला. लग्नाआधी कॉम्प्युटर दुरुस्तीचा एक कोर्स केला होता, आणि ते मी मुलाखतीत मोठ्या तोंडानं सांगून बसले, त्यामुळे जे काही बंद पडेल ते माझ्या गळ्यात. प्रिंटर, कॅमेरे, दादांच्या बायकोचा मोबाईल, सगळं.

आणि काका परदेशातला पत्रव्यवहार बघायचे. अख्खी नोकरी त्यांनी ऊसपट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात काढलेली. निवृत्त झाल्यावर राशीनला आपल्या गावी आले, घरात करमेना, म्हणून इथे लागले. माझं माहेर देवळाली प्रवराचं. ते कळल्यापासून मी त्यांच्या लेखी घरची. "तुमच्याकडचा भरून वाहणारा पाट बघितलाय मी," म्हणायचे, "इथल्या माणसाला सांगितलं तर थाप वाटते." रोज सकाळी एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं जायचे, आणि मधल्या वेळात सलग पाच मिनिटं एका जागी बसलेले मी त्यांना पाहिलेलं नाही. अर्धी मेल उभ्यानं टाइप करायचे. डबा खिडकीत ठेवून चालता चालता जेवायचे. मी म्हणायचे, "काका, बसा हो, मला गरगरतं." ते म्हणायचे, "तू तिकडे तोंड करून बस."

पण मेल लिहायचे छान. इंग्रजीत लिहायचे, कारखान्यातल्या जुन्या वळणाची ताठ इंग्रजी, आणि शेवटी एक ओळ हवेची. "येथे पाऊस नाही. आपल्याकडे कसा आहे?" दुबईला! मी हसून हसून बेजार. पण तिकडच्या मॅनेजरनं कधी चेष्टा केली नाही. तो केरळचा होता. तो न चुकता लिहायचा, "सर, इथे ऊन आहे." असं त्यांचं चालायचं. दुसऱ्या पॅकहाऊसचं खोकं डागाळलेलं निघालं की तो माणूस माल परत फिरवायचा. आमचं निघालं की आधी काकांना फोन यायचा. दादांना हे माहीत होतं, पण कबूल करायला जड जायचं.

हे सगळं व्हायचं ते जुन्या पद्धतीच्या एका मेलच्या प्रोग्राममधून. तो त्या एकाच कॉम्प्युटरवर बसवलेला. मेल यायची ती त्या मशिनमध्ये उतरायची आणि तिथेच राहायची. काका त्याला पेटी म्हणायचे. पेटीत कप्पे केलेले, आणि कप्प्यांना नावं दिलेली: एक "भांडणं", एक "गोड बोलणारे", एक "नुसतीच चौकशी". मी किती वेळा सांगितलं, काका, आता मेल फोनवर येते, कुठूनही उघडते, हे कशाला कवटाळून बसलात? तर म्हणायचे, "फोनवर मेल वाचणं म्हणजे रस्त्यात उभं राहून जेवणं. टपाल आपल्या घरात उतरलं पाहिजे." स्वतः खिडकीत उभं राहून जेवणारा माणूस हे मला सांगत होता.

तर ही पेटी दर महिन्याला मरायची.

कॉम्प्युटरला महिन्यातून एकदा कंपनीकडून अपडेट यायचं. ते आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेटी उघडायला जायचे, ती अर्धी उघडायची आणि फटकन बंद व्हायची. पुन्हा उघडा, पुन्हा बंद. चूक काय झाली तेही सांगायची नाही. काका दारातूनच हाक मारायचे, "अगं ये गं, पेटी गेली!" आणि माझी सकाळ संपायची.

मग मी बसायचे. आधी पेटीला जोडलेली सगळी शेपटं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामचे जोडतुकडे, काढून ती नुसती उघडते का बघायचं. नाही उघडली तर मेलची जी मोठी फाईल असते ती तपासायला लावायची, ती निम्म्या ठिकाणी तुटलेली निघायची, ती जोडत बसायचं. त्या जोडकामाला तास तास जायचा. तेवढा वेळ काका माझ्या पाठीमागून फिरत. "काय म्हणतंय?" "चाललंय, काका." "किती राहिलं?" "काका, तुम्ही विचारलंत म्हणून ते लवकर होणार नाही!" "बरं बरं." खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. "काय म्हणतंय?" बाई गं, मला त्या फाईलपेक्षा या माणसाचा ताप जास्त व्हायचा. आणि वर त्यांचं पालुपद, "अपडेट मागितलं कुणी होतं? चालत्या गाडीची चाकं कोणी रस्त्यात बदलतं का?"

तिथं मात्र मी त्यांच्या बाजूची. आम्ही दोघं मिळून त्या कंपनीला यथेच्छ शिव्या घालायचो. दादासुद्धा येऊन दोन घालून जायचे.

पण एकदा माल निघायच्या दिवशीच पेटी गेली आणि कागदपत्रं पाठवायला संध्याकाळ झाली. दादा तापले. सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, आता लई झालं. पुढच्या टायमाला ही तुमची पेटी बंद पडली, तर ती काढून टाकायची आन् तुमी घरी आराम करायचा. ताई बघंल मेल, फोनवर. तिला येतंय."

काका "हो दादा," एवढंच म्हणून खिडकीकडे गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, ती काकांची खुर्ची मला हवी होती. ते काम माझ्या कामापेक्षा मोठं होतं, आणि मला येत होतं. पण ते अशा रीतीनं नको होतं. त्या दिवसापासून काका आणखीच चालायला लागले. पेटी उघडताना माझ्याकडे न बघता म्हणायचे, "तू उघड. तुझा हात चांगला आहे." म्हातारा माणूस, कॉम्प्युटरसमोर उभा राहून हात चोळत राहायचा. मला बघवत नसे.

पुढचं अपडेट आलं त्या दिवशी मी मुद्दाम सगळं नीट बघून घेतलं. पेटी रीतसर बंद केली, काकांना म्हटलं, आता तुम्ही फक्त कॉम्प्युटर शट डाउन करा आणि जा. मी स्कूटी काढली, फाटकापर्यंत गेले, आणि डबा टेबलावर राहिला म्हणून परत वर आले.

ऑफिसात काका एकटे. स्क्रीन निळी, त्यावर ठळक अक्षरात, अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. आणि काका बाहेरच्या बोळात विजेच्या बोर्डासमोर उभे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी मेन स्विचची दांडी दोन्ही हातांनी धरून खाली ओढली. खाड्! सगळं ऑफिस अंधारात. कॉम्प्युटरच्या खालच्या बॅटरीनं एक केविलवाणी शिट्टी मारली आणि तीही गेली. तिच्यात जीव उरलाच नव्हता.

"काका! अहो, हे काय केलंत?"

"काय केलं? मेन पाडला."

"स्क्रीनवर लिहिलं होतं ना, बंद करू नका म्हणून!"

"मग मी कुठे बंद केला?" काका खरोखर गोंधळले होते. "त्याला मी हातसुद्धा लावला नाही. मेन तर मी रोजच पाडतो जाताना."

आत्ता उलगडा झाला. रोज संध्याकाळी हा माणूस ऑफिसचा मेन पाडून जात होता. शीतगृहाची लाईन वेगळी, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. एरवी कॉम्प्युटर तोवर झोपलेला असायचा, काही बिघडायचं नाही. पण महिन्यातल्या त्या एका संध्याकाळी त्याचं ऑपरेशन चालू असायचं, पोट उघडं असायचं, आणि काका लाईट घालवून निघून जायचे. मी तोंडाला आलं ते बोलले. कुणी सांगितला हा उद्योग? वॉचमन आहे, दादा आहेत, तुम्हीच कशाला? महिन्याच्या महिन्याला माझा जीव जातोय ते तुमच्यामुळे!

काकांनी बोर्डाकडे एकदा वळून बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे दर वेळी मीच?"

"हो! तुम्हीच!"

त्यांची एसटी चुकत होती, तरी ते हलले नाहीत. बोळातच, भिंतीला हात टेकून त्यांनी मला सांगितलं. कारखान्याच्या ऑफिसात नियम होता, ज्याची पाळी असेल त्यानं शेवटी निघायचं आणि मेन पाडायचा. जुनी इमारत, जुन्या वायरी. एका संध्याकाळी पाळी काकांची होती. त्यांना भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाले, जाताना तेवढा मेन पाड रे. तो हो म्हणाला आणि विसरला. वायर पेटली, कपाटं पेटली. वॉचमननं धावत येऊन हातांनी जळते कागद ओढून बाहेर काढले.

"दोन्ही पंजे गेले बघ," काका म्हणाले. "म्हणजे होते, पण बोटं मिटायची नाहीत. सगळे म्हणाले, चूक त्या विसरणाऱ्याची. पण पाळी माझी होती ना? पुढे तो वॉचमन चहा द्यायला लागला ऑफिसात. दोन्ही तळव्यांत कप धरून आणायचा. मी निवृत्त होईपर्यंत रोज. मला कधी एका शब्दानं बोलला नाही."

मी स्कूटीची किल्ली काढली. म्हटलं, "चला, स्टँडवर सोडते."

दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मी पेटी जोडली आणि दादांना कळायच्या आत चालू केली. मग उपाय काढला. अपडेट आलं की ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आम्हा दोघांच्या नजरेखाली पुरं करायचं. संध्याकाळी काकांनी खुशाल मेन पाडावा. इतकं सोपं होतं ते. आणि चाललंही. पुढचं अपडेट आलं, पेटी उघडली. त्याच्या पुढचंही आलं, पेटी उघडली. काका लहान पोरासारखे खूश. दुबईला मेलच्या शेवटी लिहिलं, येथे हवा उत्तम आहे.

आणि मग एका सकाळी, सगळं नीट झालेलं असताना, दुपारी अपडेट पुरं झालेलं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं असताना, पेटी अर्धी उघडली आणि फटकन बंद झाली.

नेमका त्या दिवशी कंटेनर निघायचा होता. दुबईहून आलेली मंजुरी पेटीत अडकलेली. दादा वर आले, काकांचा चेहरा बघितला, आणि काय ते समजले.

"काका, म्या काय सांगितलं हुतं?"

"दादा, थांबा," मी मध्ये पडले. "या वेळी यांचं काही नाही. मी बघते, मला अर्धा तास द्या."

काकांनी मला तेवढं बोलू द्यायला आणि स्वतः गप्प राहायला हवं होतं. दुसऱ्या कुणी तेच केलं असतं. पण हा माणूस पुढे झाला आणि म्हणाला, "दादा, आजचं ती बघेल. पण याआधी जितक्या वेळा बंद पडली, तितक्या वेळा माझ्या हातानं पडली." आणि मेनचं सगळं सांगून टाकलं. आगीचं तेवढं नाही सांगितलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. दादा बघतच राहिले. "आन् मंग आपन येवढे दिस त्या कंपनीला शिव्या देत हुतो, त्ये?"

"ते चुकलंच," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाठ करून कामाला लागले. मेलची फाईल तपासली, ती ठणठणीत. मग फोनवर शोधलं, तर जगभरातली माणसं त्याच सकाळपासून रडत होती. नव्या अपडेटचं आणि व्हायरस अडवणाऱ्या प्रोग्रामच्या एका शेपटाचं पटत नव्हतं. ते शेपूट काढलं. पेटी उघडली, आणि मेल भराभर खाली उतरायला लागल्या. मी फोन दादांच्या हातात दिला. "वाचा. जर्मनीतसुद्धा बंद पडलंय. तिथं कोणी काका नाहीत."

दादांना हसू आलं. माणूस वाईट नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं काका, आजचं तुमच्यावर न्हाई. शब्द मागं घेतो. खुर्ची तुमची, पेटी बी तुमची, पायजे तवर बसा. फकस्त आजपासून त्या मेनला हात लावायचा न्हाई. वॉचमन पाडंल. त्यो रातभर हितंच असतो."

मला हायसं वाटलं. जिंकलो, असंच वाटलं मला.

काका खिडकीकडे गेले. परत आले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"दादा, वॉचमनला नको."

"का? त्याला काय झालं?"

"त्याला नको. मेल हिला द्या, कॉम्प्युटरही हीच बंद करेल. मेन माझ्याकडे राहू द्या."

"काका, डोकं ठिकान्यावर हाय का?" दादा खरंच चक्रावले. "ह्या पेटीपायी किती दिस झुरलात, आन् आता एका खटक्यापायी सोडताय?"

"हो."

"मला नको ती खुर्ची!" मी ओरडले. मला रडू फुटलं होतं आणि रागही आला होता, काकांचा, दादांचा, सगळ्यांचा. "दादा, तसं काही नाही, यांना—"

"गप गं," काका म्हणाले. पहिल्यांदाच मला दरडावलं त्यांनी. "मी सांगितलेलं तुझ्यापाशी ठेव. आणि घे ते काम. तू माझ्यापेक्षा चांगलं करशील, फक्त दुबईवाल्याला फोन करत जा. त्याला सवय झालीये."

दादांनी माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, शेवटी "तुमी दोघं बी येडे हाय" म्हणून खाली कंटेनरकडे गेले.

त्या संध्याकाळी कॉम्प्युटर मी बंद केला. काका बोळात बोर्डासमोर उभे होते, स्क्रीन पूर्ण काळी व्हायची वाट बघत. तेवढ्यात वॉचमन कामावर आला, पंचविशीतला गडी. दादांचं बोलणं त्याच्या कानावर गेलं असावं. दांडीकडे हात करून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका, मी पाडतो की. तुमची गाडी जाईल."

काकांनी त्याचा तो पुढे आलेला हात मध्येच धरला. नुसता बाजूला सारला नाही. आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा करून तळवा बघितला, आणि बोटं एकेक करून मिटवली. पोरगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

"चांगला आहे," काका त्याला म्हणाले. "जा, तू खाली जाऊन बस."

तो खाली गेल्यावरच त्यांनी मेन पाडला.